ज्युनिअरला सांभाळून घेतोय की तिचं नुकसान करतोय?

प्रयोगवही:
नमस्कार. क्लिनिकल रिसर्चमध्ये माझा सहा जणांचा छोटा ग्रुप आहे. दीड वर्षापूर्वी एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर काही वर्षांसाठी काम करणारी संशोधक) जॉईन झाली, कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिलीच, आणि ती ज्या समाजातून येते त्यातलं आमच्या फील्डमध्ये मला तरी दुसरं कोणी माहीत नाही. मी त्या समाजातला नाही. कामात एकदम चोख आहे पण मीटिंगमध्ये बोलत नाही, अडलं तरी विचारत नाही, दोन दोन आठवडे एकटीच झगडत बसते. आधीच खूप सोसलं असेल हिने, म्हणून मी तिच्या ड्राफ्टवर लाल शाई कमी वापरतो, "छान झालंय, एवढं एक बघ" म्हणून सोडून देतो. बाकीच्यांचे ड्राफ्ट मात्र ओळ न ओळ तपासतो. गेल्या महिन्यात तिची पहिली ग्रँट (संशोधनाच्या निधीसाठीचा अर्ज) नाकारली गेली आणि रिव्ह्यूअरने काढलेले तिन्ही मुद्दे मला ड्राफ्ट वाचतानाच दिसले होते. बोललो नव्हतो. तेव्हापासून मनातून जात नाहीये ते. अशा ज्युनिअरचा मेंटॉर म्हणून नेमकं काय वेगळं करायचं आणि काय सगळ्यांसारखंच ठेवायचं?

पहिली_पिढी:
सर, मी तुमच्या पोस्टडॉकच्या जागी होते म्हणून लिहितेय. माझेही गाईड फार चांगले होते, कधी आवाज चढवला नाही, आणि माझ्या ड्राफ्टवर कधी काही लिहिलंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा ड्राफ्ट लालेलाल होऊन यायचा आणि मी मनात म्हणायचे की याच्याकडून यांना अपेक्षा आहे, माझ्याकडून नाही. असं वर्षभर चाललं. यावर अमेरिकेत प्रयोग झालेत, १९९९ साली छापून आलेत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या लिखाणावर टीका करताना नुसती टीका केली तर त्यांचा उत्साह खचला, वर मोघम कौतुक चिकटवलं तरी फारसं साधलं नाही. पण "मी उंच मापाने मोजतोय, आणि तुझं लिखाण बघून वाटतंय की तू तिथे पोचशील" हे सांगून तीच टीका केली तेव्हा विद्यार्थी जोमाने कामाला लागले. म्हणजे शाई तेवढीच ठेवा, फक्त ती का वापरताय ते तोंडाने सांगा.

आणि विचारत नाही म्हणताय तर काय विचारलेलं चालतं हे तिला कोणी सांगितलंय का? नाकारलेली ग्रँट सुधारून परत पाठवता येते, एडिटरकडे मुदत वाढवून मागता येते, फंडिंग एजन्सीच्या ऑफिसरला आधी ईमेल करून विषय बसतो का विचारता येतं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. ज्यांच्या घरात कोणी प्रोफेसर असतं त्यांना हे जेवताना कानावर पडून कळतं. अजून एक, कॉन्फरन्सचा खर्च आधी स्वतः करा नंतर बिल लावा, ही पद्धत ज्याच्याकडे बचत नाही त्याला नाही म्हणायला लावते, आणि कारण कधीच सांगितलं जात नाही. मी दोनदा "तब्येत बरी नाही" म्हणाले होते.

आकडेमोड:
वरचं सगळं पटलं, पण चूक फक्त ड्राफ्टमध्ये असते असं धरून चालू नका. २०११ साली अमेरिकेच्या एनआयएचच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रँट तपासल्या होत्या. शिक्षण, प्रकाशनं, आधी मिळालेला संशोधन निधी सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना ग्रँट मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के पॉईंटने कमी निघाली. मग २०१९ मध्ये दिसलं की त्या तफावतीचा २० टक्क्यांहून जास्त भाग विषयाच्या निवडीतून येतो, म्हणजे वस्ती, समाज, आरोग्यातली विषमता असे विषय ते जास्त घेतात आणि त्या विषयांना मुळात पैसा कमी मिळतो. त्यामुळे ती आपल्या लोकांच्या आजारावर काम करत असेल तर "जरा मेनस्ट्रीम कर" असा सल्ला कृपया देऊ नका, तो विषय सगळ्यांच्या कामाचा कसा आहे हे मांडायला मदत करा. पल्स ऑक्सिमीटरचं बघा ना. २०२० मध्ये पुढे आलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे. हॉस्पिटलमध्ये रोज वापरायचं यंत्र आहे हे! कोणते प्रश्न विचारले जातात हे टेबलाभोवती कोण बसलंय यावर बरंच ठरतं.

मार्जिनमधल्या_टिपा:
मी इतकंच विचारेन, ती खोलीत नसताना तुम्ही तिचं नाव घेता का? एखाद्या टॉकसाठी कोणी हवंय, पेपर रिव्ह्यू करायला कोणी हवंय, तेव्हा आपसूक आपल्या तोंडात नेहमीचीच दोन नावं येतात. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, शब्द टाकणारा एखादाच. पेपरवर पहिलं नाव कोणाचं हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा, कारण जी बोलत नाही तिचं नाव खाली सरकतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि विविधतेच्या प्रत्येक कमिटीवर, प्रत्येक ब्रोशरच्या फोटोत तिलाच बसवत असतील तर तुम्ही मध्ये पडून नाही म्हणा, तिला स्वतःला ते म्हणणं महाग पडतं. त्या तासांचे पेपर होत नाहीत आणि प्रमोशनच्या वेळी त्याला कोणी विचारत नाही. तिच्या समाजातली एखादी सीनिअर दुसऱ्या संस्थेत सापडली तर जरूर गाठ घालून द्या, पण तेवढ्यावर तुमची जबाबदारी तिच्यावर ढकलू नका.

प्रयोगवही:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याबरोबर बसलो, रिव्ह्यू समोर ठेवला आणि सांगितलं की हे तिन्ही मुद्दे मला आधीच दिसले होते. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली "मग तेव्हाच का नाही सांगितलंत सर?" मी माफी मागितली. नंतर दोन तास एक एक ओळ घेऊन बसलो, आणि कंट्रोल ग्रुपच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटाच्या, मुद्द्यावर ती म्हणाली की इथे रिव्ह्यूअरचंही चुकतंय आणि तुमचंही, आणि कागदावर मांडून दाखवलं. तिचं बरोबर होतं. पुढच्या फेरीला ग्रँट परत पाठवतोय, ते उत्तर तीच लिहितेय.