ऑनलाइन स्वस्त मिळतं, पण जवारी कोण लावणार?

काही जण म्हणतात की नेटवर वाद्य दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतं तर वाद्यांची दुकानं बंद पडणारच, त्यात रडायचं काय. मला नाही पटत. मी बडोद्याचा, इथे सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली, सूरसागर तलावासमोरचं म्युझिक कॉलेज आजही चालू आहे, आणि तरी गेल्या वर्षी लेकीसाठी मी तानपुरा ऑनलाइनच मागवला. फोटोत छान होता, पण आला तो मुका, तार छेडली की नुसता टण् आवाज. जवारी म्हणजे घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानाने ऐकत ऐकत थोडा थोडा घासायचा, मग तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत जागा शोधायची, तेव्हा कुठे तो घुमतो, हे खोक्यातून कसं येणार? शेवटी रावपुऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला, काकांनी तासभर घासून बोलता केला आणि पैसे घेतले फक्त तीनशे. म्हणाले, विक्री नाही, नुसत्या दुरुस्तीवर भाडं निघत नाही. फार वाईट वाटलं हो. तेव्हापासून तारा, तबल्याची शाई, सगळं त्यांच्याकडेच. बडोद्यात कुणाला पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.