अनुभव धागा: ताटातलं आणि डोक्यातलं

मोरपीस
खाण्याचा आणि मनःस्थितीचा संबंध असतो हे सगळेच म्हणतात. पण बोलणं सुरू झालं की गाडी लगेच ‘मन आनंदी ठेवणाऱ्या दहा पदार्थां’वर जाते. ते इथे नको. काय सोडलंत, काय सुरू केलंत, जेवणाच्या वेळा कशा बदलल्या आणि त्याने चिडचिड, झोप, उदासी यांत खरंच काही हललं का, एवढंच लिहा. ‘काहीच फरक पडला नाही’ हाही अनुभवच. आणि इथलं वाचून कुणी आपल्या गोळ्यांत फेरफार करू नका, प्लीज.

सुरुवात मी करते. दुपारच्या मीटिंगआधी मला धडधडायचं, हात थरथरायचे, तळव्यांना घाम. सगळ्यांनी त्याचं नाव ‘अँग्झायटी’ ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “सकाळपासून पोटात काय गेलंय?” गोड बिस्किटं आणि कॉफी, बस्स. रक्तातली साखर झपाट्याने खाली आली की शरीर अॅड्रेनालिन सोडतं. घाबरल्यावरही तेच सुटतं, त्यामुळे आतून दोन्ही सारखंच जाणवतं. आता सकाळी अंडी किंवा कडधान्य खाते आणि जेवण टाळत नाही. धडधड बरीच कमी झाली. मीटिंगा आवडायला लागल्यात असं मात्र अजिबात नाही.

घुबडराव
कॉफी! कॅफिनचं अर्धायुष्य साधारण पाच तास. म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतंच. मला झोप लागायची, म्हणून ‘आपल्याला कॉफी बाधत नाही’ असं छातीठोकपणे सांगायचो. पण लागणं वेगळं आणि भरणं वेगळं. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. आता दुपारनंतर बंद. सकाळचा वैताग गेला. सोडायची असेल तर हळूहळू कमी करा. एकदम सोडलीत तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि घरचे कोपऱ्यात सरकतात.

साधीसुधी
माझं जरा लांबलचक आहे. शब्द आठवेनासे झाले, उगाच डोळे भरून यायचे, कशात रस वाटेना. आप्तेष्टांनी आपापल्या परीने निदानं केली: रिकामपण, वय, ‘जास्त विचार करतेस’. पायांना मुंग्या यायच्या त्याचा या सगळ्याशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी मुंग्यांसाठी डॉक्टरांकडे गेले आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. मी शाकाहारी, शिवाय मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन. बी-१२ निसर्गतः प्राणिजन्य अन्नातच मिळतं आणि मेटफॉर्मिनमुळे त्याचं शोषण कमी होऊ शकतं. दोन्ही बाजूंनी कोंडी.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी मन सावरलं. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, कारण नसांना झालेली इजा भरून यायला वेळ लागतो, कधी पूर्ण भरतही नाही. एक गोष्ट मुद्दाम सांगते: मधल्या काळात मी थकव्यासाठी फक्त फॉलिक अॅसिड घेत होते. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण बी-१२ची कमतरता तशीच राहिली तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

पायवाट
ताई, माझं थोडं तसंच, पण लोहाचं. हिमोग्लोबिन ठीक होतं, पण शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन अगदी कमी. जेवणाबरोबरचा चहा बंद केला, गोळ्या घेतल्या, जेवणात लिंबू वाढवलं. माणसांशी नीट बोलायला लागले म्हणतात.

उलटसुलट
थोडा विरोधी सूर लावतो. मला नैराश्याचा आजार आहे, निदान झालेला. माझं खाणं बिघडल्याने मन बिघडलं नाही. मन बिघडलं म्हणून खाणं बिघडलं. दात घासायला उठवत नव्हतं तेव्हा लोक ‘पालेभाज्या खा’ म्हणून मेसेज पाठवायचे. निवडणार कोण? चिरणार कोण? आधी औषध आणि समुपदेशन यांनी मला स्वयंपाकघरापर्यंत आणलं, मग आहाराची गोष्ट.

आहाराला महत्त्व नाही असं म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने ६७ नैराश्यग्रस्तांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्या गटात जवळपास एक तृतीयांश लोकांची लक्षणं ओसरली, नुसत्या गप्पा-सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. आकडा मोठा आहे. पण बहुतेकांचे इतर उपचार चालूच होते, मदतीला आहारतज्ज्ञ होते, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे भाग घेणाऱ्यांना कळतच होतं. एवढं सगळं गाळून ‘गोळ्या सोडा, भाज्या खा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

कोरडंपान
+१. आणि कमी खाण्याबद्दलही बोलूया. लवकर वजन उतरवायच्या नादात मी इतकं कमी खात होते की दिवसभर डोक्यात दुसरा विषय नसायचा. लोकांच्या ताटांकडे बघत बसायचे, आवाज वाढला की रडायचे. नंतर मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं. १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते खिन्न झाले, चिडखोर झाले, माणसांत मिसळेनासे झाले; काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. वाचून हायसं वाटलं. माझ्या स्वभावात खोट नव्हती, पोट रिकामं होतं.

जागरण
दारूचं कुणीच कसं लिहीत नाही? मीच लिहितो. झोप पटकन येते, पण उत्तररात्री तुकडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण धास्ती. दारूचा मेंदूला शांत करणारा परिणाम उतरला की मेंदू उलट्या बाजूला, म्हणजे अस्वस्थतेकडे, झुकतो. रविवारची उदासी म्हणून जे काही मी मिरवत होतो ते शनिवारचं बिल होतं.

औषधपेटी
बायपोलर आजारासारख्या मनाच्या आजारांवर लिथियम घेणाऱ्यांनी हे वाचा. घरात रक्तदाबामुळे सगळ्यांचंच मीठ कमी झालं, माझंही. काही दिवसांत हात कापायला लागले, पोट बिघडलं. शरीरात सोडियम कमी पडलं की मूत्रपिंडं लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. तपासणीत तेच आलं, डोस बदलावा लागला. मीठ-पाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. नैराश्यावरची एमएओआय गटातली जुनी औषधं घेणाऱ्यांना तर मुरवलेलं चीज चालत नाही, रक्तदाब धोकादायक वाढू शकतो.

टाचणी
साखर सोडली. वजन उतरलं, मूड जिथल्या तिथे. वर कुणी केक पुढे केला की आता आणखी चिडतो. नोंद घ्यावी.

मोरपीस
नोंद घेतली टाचणी :) साधीसुधी, बी-१२साठी नेमकी कोणती तपासणी केलीत? आईला सांगायचंय.

साधीसुधी
रक्तातलं बी-१२. आकडा काठावर आला म्हणून डॉक्टरांनी मिथाइलमॅलोनिक अॅसिडही बघितलं. पेशींना बी-१२ कमी पडत असेल तर ते वाढतं. तपासणीआधी गोळ्या सुरू करू नका म्हणावं, नाहीतर आकडा चांगला दिसतो आणि खरी स्थिती कळत नाही. आईंची इतर औषधं कोणती आहेत तेही डॉक्टरांना दाखवा.