पाहुण्याला मुंबईत मराठी हॉटेलात नेऊ नका!

बोरीबंदरचा_बाब्या
नागपूर, सातारा नाहीतर थेट न्यू जर्सीहून कोणी आलं की आपली वरात ठरलेली: दादर. थालीपीठ, कोथिंबीर वडी, पियुष. अहो, हे सगळं त्यांच्या घरी होतं, आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं होतं. माझं मत स्पष्ट आहे. पाहुण्याकडे एकच दिवस असेल तर मराठी हॉटेलची पायरी चढू नका. हे शहर इतरांच्या स्वयंपाकघरांवर जगलंय, तेच दाखवा. सकाळी किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासमध्ये रसम-वडा. दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव. हॉटेल 1923 सालचं, आणि भातावरची ती आंबट लाल बेरी, झरेश्क, इराणची. रात्री भेंडीबाजारात नूर मोहम्मदीची नल्ली निहारी. यातलं काय साताऱ्यात मिळतं, बोला.

चिंचपोकळी_पूर्व
"इतरांच्या स्वयंपाकघरांवर जगलंय" हे वाचून चहा नाकात गेला. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा घाटावरून नि कोकणातून आलेल्या एकट्या गड्यांना कोण जेवू घालत होतं? इराणी? चाळीतल्या एका खोलीत बाया खानावळी चालवायच्या. भाकऱ्या, कालवण, पहिली पाळी सुटली की एक पंगत, दुसरी सुटली की दुसरी. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. त्या विळख्यातून त्यांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकांची कर्जं मिळवून दिली. इराण्याच्या संगमरवरी टेबलाचे फोटो सगळे टाकतात. खानावळवालीच्या पाटाचा फोटो कोणी काढला नाही, म्हणून ती मुंबईची नाही?

बोरीबंदरचा_बाब्या
इतिहास मी कुठे नाकारतोय? मी विचारतोय, पाहुण्याला आज संध्याकाळी कुठे नेऊ. ती खानावळ आता कुठे आहे, पत्ता द्या. लालबागला टॉवरखाली पिझ्झा मिळतोय राव.

चिंचपोकळी_पूर्व
घ्या पत्ता. माहीम कोळीवाडा, किनाऱ्यावर. बचत गटाच्या कोळणी स्वतः रांधतात. बोंबील तव्यातून थेट ताटलीत, बाजूला तांदळाची भाकरी, समोर सी लिंक. वाऱ्याने कागदी ताटल्या उडतात, भाकरीखाली दाबून धरा. एसी नाही, मेन्यूकार्डाला लॅमिनेशन नाही. तुमच्या पाहुण्याला चालत असेल तर.

तिसऱ्या_सुकं
बाब्याशेठ, तुमचीच परीक्षा तुम्हाला लावते. "साताऱ्यात काय मिळतं?" तिसऱ्यांचं सुकं मिळतं? ताजी सोलकढी मिळते? बांद्रा पूर्वेला हायवे गोमांतकला जा, बाहेर लोक का ताटकळतात ते कळेल. तुमच्या डोक्यात मराठी हॉटेल म्हणजे साबुदाणा वडा आणि भिंतीवर गणपती. मालवणी, गोमंतकी, आगरी, सीकेपी हे सगळं कोणत्या खात्यात टाकलंत? आणि खरं दुखणं वेगळंच आहे. सीकेप्यांचं वालाचं बिरडं, पाठारे प्रभूंचा घडा, वसईच्या ईस्ट इंडियनांचं बॉटल मसाल्याचं मटण, या गोष्टी हॉटेलात जवळपास नाहीतच. त्यासाठी ओळख लागते, नाहीतर लग्नाचं आमंत्रण. म्हणजे ज्यांची हॉटेलं झाली तेवढ्यांचीच मुंबई आपण पाहुण्याला दाखवतो.

अम्मा_माटुंगा
माझी हरकत मूळ धाग्यातल्या एका शब्दावर. "इतर." माझे आजोबा उडुपीकडून आले, वडील किंग्ज सर्कलला जन्मले, मी मराठी शाळेत शिकले, घरी कोकणी. मी इतर कशी हो?
बाकी माटुंग्यात नेणारच असाल तर इडलीवर भागवू नका. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासून. वरच्या मजल्यावर. कूपन घ्यायचं, बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. केळीचं पान आलं की आधी पाणी शिंपडून पुसायचं, नवखे लोक इथेच ओळखू येतात. रसम भाताच्या मधोमध खड्डा करून घ्या, नाहीतर ते पानावरून थेट मांडीवर उतरतं. वाढपी एकदाच विचारतो आणि पुढे जातो. लाजलात तर उपाशी राहाल.

मिरारोड_फास्ट
सगळे पत्ते बांद्र्यापर्यंतचेच. पाहुणा माझ्याकडे उतरलाय, मी त्याला विरार लोकलमधून निहारी खायला नेऊ? परत येताना काय कराल?

शीवचा_सरदार
मराठी की इतर हे ठरवणाऱ्यांनी आधी कोळंबी कोळीवाड्याचा निकाल लावावा. ही कोळ्यांची नव्हे. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या छावणीत आलेल्या पंजाब्यांनी इथली कोळंबी बेसन-ओवा-तिखटात बुडवून तळली. कोळीणबाईंना दाखवलीत तर म्हणतील, एवढं पीठ कशाला? पण बनली इथेच. तसंच चिकन मंचुरियन. नेल्सन वाँग कोलकात्यात जन्मलेले चिनी, पदार्थ सुचला 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात. चीनमध्ये कोणी ओळखत नाही आणि डोंबिवलीत वाढदिवस त्याशिवाय होत नाही. मला विचाराल तर असं मुंबईतच घडलेलं खायला न्या. चेंबूर कॅम्पात सकाळी दाल-पकवान, रात्री गुरु तेग बहादूर नगरला तळलेली मासळी. गर्दी कमी, बिलही कमी.

बोरीबंदरचा_बाब्या
सरदारजी, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय हे लक्षात आलंय ना? अम्मा, "इतर" मागे घेत नाही, कारण माझ्यासाठी ती शिवी नाही. मीही इथे इतरच, आमचं मूळ बेळगावचं. तिसऱ्याताई, मासळीपुरता मुद्दा दिला. थालीपीठ अजून नाही.

चिंचपोकळी_पूर्व
दिला म्हणे! उपकार. आणि बेळगावकर असून कुंद्याचं नाव न काढता एवढं लिहिलंत?

नवी_सून_ठाणे
सगळ्यांचं वाचलं, भूक लागली. आता माझं संकट. सासरे येत्या गुरुवारी लातूरहून येतायत. गुरुवारी उपास, एरवीही कांदा-लसूण नाही, गुडघ्यांमुळे जिना नको, आणि "मुंबईचं काहीतरी खास" हवंय. कुठे नेऊ?

मिरारोड_फास्ट
ठाण्यातच ठेवा.

अम्मा_माटुंगा
रामा नायककडे जिना आहे, कॅफे मद्रासबाहेर रस्त्यावर उभं राहावं लागेल, आणि उपासाचं दोन्हीकडे नाही. सासऱ्यांना फोन करा, शुक्रवारचं तिकीट काढायला सांगा.