सायकल विमानाने परदेशी नेलीत? अनुभव लिहा

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीला जाऊन आलो. १२०० किमी, ९० तास. पण परतल्यापासून 'पूर्ण केलीस का?' यापेक्षा 'सायकल नेलीस कशी?' हेच लोक जास्त विचारतात. म्हणून हा धागा. सुरुवात माझ्याच फजितीपासून.

दुकानातून नव्या सायकलचं रिकामं खोकं फुकट मिळालं. उजवं पेडल निघालं, डावं निघेना. त्याचे आटे उलटे असतात हे विसरून मी ते घामाघूम होत आणखी आवळत होतो. शेवटी कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका म्हणाले, "साहेब, पाना वर धरा. दोन्ही पेडलं मागच्या चाकाकडं सुटतात." एका हिसक्यात मोकळं.

*

मी डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा मागचा भाग) न काढता सायकल खोक्यात घातली. उतरल्यावर पहिल्याच चढाला साखळी स्पोकमध्ये! डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला होता. बोटाएवढा तुकडा, पण फ्रेमगणिक वेगळा, त्यामुळे परक्या गावात मिळेना. दीड दिवस गेला. आता डिरेलर सोडवून, गुंडाळून फ्रेमच्या आत बांधते आणि एक जादा हँगर जवळ ठेवते.

*

डिस्क ब्रेकवाल्यांनो, चाक काढलंत की पॅडच्या फटीत पुठ्ठा घाला. बाकी वरच्या ताईंनी सांगितलंच आहे.

*

न्यूझीलंडला सायकलपेक्षा चिखलाची चौकशी जास्त. टायरला माती घेऊन गेलात तर अडकलात. आदल्या रात्री गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने टायरच्या खाचा घासत होतो, तर आई म्हणाली, "खंडेनवमी आहे का रे आज?"

*

हवा पूर्ण काढायची गरज नाही. सामानाच्या कक्षातही दाब राखलेला असतो. उलट सपाट टायरवर रिम आपटते. पण काउंटरवर हे शास्त्र शिकवायला जाऊ नका, काढा म्हणाले तर थोडी काढा. ई-बाइकवाल्यांनी मात्र आशा सोडावी: १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, आणि बहुतेकांची त्याहून मोठीच असते.

*

महागडी सायकल असेल तर जाताना कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परतताना 'तिकडे घेतली का?' सुरू होतं. त्यासाठी लागणारा माझा फ्रेम नंबर पेडलांच्या खाली, म्हणजे खोक्याच्या पार तळाशी. पहाटे तीनला सगळं उघडून, सायकल पालथी करून मोबाईलच्या उजेडात वाचला. चिकटपट्टी घरीच राहिली होती. शेवटी खोकं बॅगेच्या पट्ट्याने आवळलं.