‘सँटा क्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स’ (१९६४): दोष अपुऱ्या पैशाचा की पटकथेचा?

ध्रुवमत्स्य (प्रश्न)

निकोलस वेब्स्टर दिग्दर्शित हा अमेरिकी चित्रपट नुकताच शेवटपर्यंत पाहिला. मंगळावरची मुले पृथ्वीवरचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहण्यात इतकी गुंग झाली आहेत की ती हसणे-खेळणेच विसरली आहेत. मंगळाला स्वतःचा सँटा क्लॉज हवा, असा सल्ला चोखेम नावाचा आठशे वर्षांचा ज्ञानी वृद्ध देतो आणि तेथला प्रमुख किमार उत्तर ध्रुवावर जाऊन खऱ्या सँटालाच पळवून आणतो. सुमारे दोन लाख डॉलरमध्ये हे सारे उरकलेले असल्यामुळे त्याचे दारिद्र्य प्रत्येक चौकटीत दिसते. जगातील सर्वांत वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचे नाव हमखास असते, ते केवळ या दारिद्र्यामुळे की मूळ लेखनच कच्चे आहे म्हणून? जाणकारांची मते वाचायला आवडतील.

संकलनमेज

दारिद्र्याची लक्षणे आधी पाहू. चित्रीकरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, रूझवेल्ट फील्ड येथील विमानांच्या जुन्या हँगरमध्ये थाटलेल्या स्टुडिओत झाले, त्यामुळे ध्रुवावरचे बर्फही तेथलेच आणि मंगळही तेथलाच. ध्रुवीय अस्वल म्हणजे अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस आहे, हे लहान मूलही ओळखेल. टॉर्ग हा यंत्रमानव पुठ्ठ्याचे खोके आणि पत्र्याच्या नळ्या यांच्या पलीकडे जात नाही. मंगळवासीयांच्या हातातील शस्त्रे ही त्या काळी बाजारात मिळणारी हवा सोडणारी खेळण्यातली पिस्तुले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा हिरवा रंग कुठे दाट लागला आहे, तर कुठे पुसटच राहिला आहे. अमेरिकी हवाई दलाची विमाने झेपावतात ती दृश्ये आधीच चित्रित असलेल्या फितींच्या तयार साठ्यातून उचललेली असल्याने त्यांचा पोत उरलेल्या चित्रपटाशी अजिबात जुळत नाही. श्रेयनामावलीत तर ‘कॉस्च्युम’ या शब्दाचेच स्पेलिंग चुकले आहे, आणि ते दुरुस्त करायला फार पैसे लागले नसते!

मात्र यांपैकी कशानेही चित्रपट बुडत नाही. बालनाट्यात पुठ्ठ्याचा राक्षस चालतोच, कारण तेथे प्रसंग नीट रचलेला असतो. येथे मंगळवासी खलनायक व्होल्डार सँटाला आणि त्याच्यासोबत पळवलेल्या पृथ्वीवरच्या दोन मुलांना यानाच्या हवाबंद कक्षात कोंडतो आणि बाहेरचे दार उघडण्याची सिद्धता करतो. चित्रपटातला खऱ्या धोक्याचा म्हणावा असा हा एकच प्रसंग, आणि सुटका कशी झाली ते पडद्यावर दाखवलेलेच नाही. तिघे नंतर सुखरूप समोर येतात, सँटा हसून विषय उडवून लावतो आणि कथा पुढे सरकते. दोन चांगली वाक्ये लिहायला खर्च येत नाही, म्हणून मी दोष पटकथेला देतो.

शनिवारचा खेळ

आपण हा चित्रपट मोठ्यांच्या नजरेने तपासत आहात. तो अमेरिकेतील सुट्टीच्या दुपारच्या बालखेळांसाठी बनवला होता. असे खेळ अनेकदा शनिवार-रविवारपुरतेच लागत, आईवडील मुलांना चित्रपटगृहात सोडून खरेदीला जात, आणि ८१ मिनिटे मुले खुर्चीत बसली म्हणजे निर्मात्याचे काम झाले. पटकथेतील भगदाडे त्या प्रेक्षकाला जाचत नसत. सँटा झालेला जॉन कॉल हा रंगभूमीवरचा मुरलेला नट होता, आणि तो एकही वाक्य वरवर उरकत नाही. चित्रपटाचा जीव त्याच्यात आहे.

संकलनमेज

कॉलबद्दल पूर्ण सहमत. तथापि मुले काहीही खपवून घेतात हे गृहीतकच मला मान्य नाही. मुले सर्वाधिक प्रश्न विचारतात, आणि ‘ते बाहेर कसे आले?’ हा प्रश्न त्या अंधारात शेजारच्याला अनेकांनी विचारला असणार.

लालग्रह

माझा आक्षेप निराळा आहे. मूळ कल्पना चांगली होती, पण लेखकांना ती पेलली नाही. मंगळावर सँटाला खेळण्यांचा स्वयंचलित कारखाना मिळतो, तेथे त्याला केवळ कळा दाबायच्या असतात, आणि हाताने घडवण्यातला आनंद गेल्यामुळे तो कंटाळतो. दूरचित्रवाणीने मुकी केलेली मुले आणि यंत्राने निरुद्योगी केलेला सँटा, असा धागा हाताशी असताना चित्रपट तो सोडून देतो आणि शेवटी मुलांना व्होल्डारवर खेळणी घेऊन तुटून पडायला लावतो. व्होल्डारची तक्रार, म्हणजे सँटामुळे आपला लढवय्या समाज मऊ पडेल ही भीती, कोणी खोडूनही काढत नाही. त्याच्या मिशांवर मात्र भरपूर मेहनत घेतलेली दिसते.

विज्ञानाविषयी न बोललेलेच बरे, तरी एक योगायोग सांगतो. चित्रपट नोव्हेंबर १९६४ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला ‘मरिनर ४’ हे अमेरिकी अंतराळयान मंगळाकडे निघाले. जुलै १९६५ मध्ये त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत विवरांनी भरलेला ओसाड पृष्ठभाग दिसला, आणि असल्या मंगळकथांची सद्दी ओसरू लागली.

ध्रुवमत्स्य

सर्वांचे आभार. इतका सामान्य चित्रपट विस्मरणात का गेला नाही, हे कोणी सांगू शकेल का?

शनिवारचा खेळ

अमेरिकेत तो स्वामित्वहक्काच्या बंधनाबाहेर असल्यामुळे कोणत्याही वाहिनीला तो फुकट दाखवता येई आणि कोणालाही त्याच्या चित्रफिती विकता येत. १९९१ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या, वाईट चित्रपटांची खिल्ली उडवणाऱ्या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याची यथेच्छ टर उडवली, तेव्हापासून नव्या पिढीलाही तो ठाऊक झाला. शिवाय गिरमार ही मंगळकन्या झालेली पिया झाडोरा पुढे प्रसिद्ध झाली, तेही कुतूहल होतेच. तो आंतरजालावर सहज सापडतो, पण अनेक प्रती फिकट आहेत. रंग शाबूत असलेली प्रत निवडावी, नाहीतर मंगळवासी हिरवे आहेत हेही कळत नाही.