मदत हवी आहे: तांत्रिक टप्प्यावरच निविदा अमान्य केली, स्थगिती मिळेल का?

सांवेररोडवाला
नमस्कार. इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात आमचा लोखंडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. वसतिगृहांना दुमजली पलंग पुरवण्याच्या एका सरकारी निविदेत आम्हाला तांत्रिक टप्प्यावरच बाहेर काढले आहे. कारण अगदी क्षुल्लक आहे, आणि आमच्याहून मोठी त्रुटी असलेल्या दुसऱ्या कंपनीला मात्र आत घेतले आहे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून स्थगिती मिळेल का आणि किती दिवसांत, एवढेच अनुभवी मंडळींनी सांगावे. ‘निविदा नीट वाचायला हवी होती’ हा उपदेश कृपया नको. वीस वर्षे याच व्यवसायात आहे.

रामबागकर
क्षुल्लक म्हणजे नेमके काय, हे आपण लिहिलेलेच नाही. कारण लेखी कळवले आहे का? दर लिहिलेले आर्थिक लिफाफे उघडले का? कार्यादेश निघाला का? या तीन गोष्टी कळल्याशिवाय स्थगितीबद्दल कोणी काही सांगितले, तर तो अंदाजच समजावा.

निवृत्त लेखापाल
आपली उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार अनामत रकमेतून सूट मिळते, हे आधी पाहावे. तसेच आपण भरलेला दर सर्वांत कमी दराच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला उतरून काही हिस्सा पुरवण्याची संधीही मिळते. अनेक कारखानदारांना हे ठाऊकच नसते.

सांवेररोडवाला
काका, अनामत रक्कम आम्ही पूर्ण भरली आहे, तिचा येथे प्रश्नच नाही. शिवाय निविदा काढणारे खाते राज्य शासनाचे आहे आणि ते धोरण केंद्राचे. कारण असे की उलाढालीच्या प्रमाणपत्रावर सीएचा यूडीआयएन क्रमांक (सीए प्रत्येक प्रमाणपत्रासाठी तयार करतो तो वेगळा ओळख क्रमांक) नाही. पोर्टलवर ‘अमान्य’ असा शेरा आणि त्याखाली हे एक वाक्य, एवढेच दिसते. आर्थिक लिफाफे उद्या अकरा वाजता उघडणार आहेत.

खंडपीठाचा वाटसरू
मग येथे वेळ का घालवता? आजच याचिका दाखल करा. रमणा शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या 1979 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की शासनाने पात्रतेची जी अट स्वतः घातली, ती सर्वांना सारखीच लावली पाहिजे. एकाला सूट आणि दुसऱ्याला नकार हा राज्यघटनेच्या चौदाव्या, म्हणजे समानतेच्या, कलमाचा भंग ठरतो. आपले प्रकरण अगदी तसेच आहे.

रामबागकर
तो निकाल शेवटपर्यंत वाचला आहे का? मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या त्या प्रकरणात तत्त्व मान्य झाले, परंतु अर्जदार उशिरा आला आणि तोवर ठेका मिळालेल्याने खर्च करून काम सुरू केले होते, म्हणून त्याच्या पदरात काहीही पडले नाही. शिवाय अफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या 2016 च्या निकालानंतर अटींचा अर्थ निविदा काढणाऱ्यानेच लावायचा आणि तो मनमानी किंवा दुष्ट हेतूचा असल्याशिवाय न्यायालयाने त्यात पडायचे नाही, अशी रीत रुळली आहे. 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात तर, कामाला सहजासहजी स्थगिती देऊ नये आणि अन्याय झालाच असेल तर भरपाईचा विचार करावा, असा कल दिसतो. अर्थात तो रस्त्याच्या कामाचा विषय होता, पलंगांच्या पुरवठ्याचा नव्हे.

खंडपीठाचा वाटसरू
म्हणूनच तर आजच्या आज जा म्हणतो. उशीर झाला की तत्त्व आपल्या बाजूने आणि कार्यादेश दुसऱ्याच्या हाती.

बडोदेकर
आमचा भाचा अमेरिकेत, व्हर्जिनियात, सरकारी ठेक्यांचे काम पाहतो. तेथे नाराज निविदाकार गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या सरकारी लेखापरीक्षण संस्थेकडे हरकत नोंदवतो, निर्णय 100 दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि हरकत वेळेत आली तर ठेक्याचे काम बहुधा तोवर आपोआप थांबते. आपल्याकडे असे का नाही, याचा विचार व्हायला हवा.

निवृत्त लेखापाल
काही राज्यांत आहे. कर्नाटकचा 1999 चा आणि राजस्थानचा 2012 चा खरेदी कायदा निविदाकाराला अपिलाचा हक्क देतो. केंद्राचे 2012 चे सार्वजनिक खरेदी विधेयक मात्र संमत न होताच बारगळले. येथे मध्य प्रदेशात 2015 चे भंडार क्रय (सरकारी खरेदीचे) नियम आणि निविदेतील स्वतःची कलमे यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून न्यायालयाआधी कार्यालयाला लेखी निवेदन द्यावे आणि माहितीचा अर्ज टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंडपीठाचा वाटसरू
माहिती अधिकारात उत्तरासाठी 30 दिवस, आणि निविदा चालू असताना व्यापारी गोपनीयतेच्या नावाखाली नकार ठरलेला. तोवर पलंग वसतिगृहात पोहोचलेले असतील.

राजवाड्याजवळचा
मला दोन वेगळे प्रश्न आहेत. यूडीआयएनची अट मूळ निविदेत होती की नंतरच्या शुद्धिपत्रकात? आणि दुसऱ्या कंपनीची ‘मोठी त्रुटी’ आपल्याला कशी कळली?

सांवेररोडवाला
दुसऱ्या शुद्धिपत्रकात होती. ते आमच्या मुलाने उतरवून घेतले, पण मला दाखवायचे राहिले. (आता कोणी उपदेश करू नये.) दुसऱ्या कंपनीच्या अनुभव प्रमाणपत्राचे सहीचे पान गहाळ होते आणि कार्यालयाने ते ईमेलने मागवून घेतले, असे तेथील ओळखीच्या माणसाने तोंडी सांगितले.

रामबागकर
म्हणजे अट होती, आपल्यापर्यंत पोहोचली होती आणि पाळली गेली नाही. तेव्हा ‘अटच चुकीची’ हा मुद्दा सोडून द्यावा. शुद्धिपत्रक निघाले तेव्हा आपण हरकत घेतली नव्हती. ‘आम्हीच उत्तम माल देतो’ हेही निवेदनात लिहू नये, कारण ते ठरवणे त्यांचे काम आहे. आपल्या हाती फक्त समान वागणुकीचा मुद्दा उरतो: एकाकडून गहाळ पान मागवले, तर दुसऱ्याकडून एक क्रमांक का मागवला नाही? मात्र ऐकीव गोष्टीवर हा मुद्दा उभा राहणार नाही. मूल्यांकन पत्रक पोर्टलवर चढवले असेल, तर त्याची प्रत आजच काढून ठेवावी.

राजवाड्याजवळचा
आणि सर्वांत महत्त्वाचे. सीएने क्रमांक तयारच केला नव्हता, की तयार केला आणि कागदावर लिहायचा राहिला? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्राच्या वस्तू खरेदी नियमपुस्तिकेत असे तत्त्व आहे की निविदा उघडण्यापूर्वी अस्तित्वात असलेला आणि नंतर न बदललेला दस्तऐवज कमी पडला, तर तो मागवता येतो. ती पुस्तिका राज्याच्या कार्यालयावर बंधनकारक नाही, परंतु दुसऱ्या कंपनीला त्यांनी हाच न्याय लावला असेल, तर तिचा दाखला उपयोगी पडेल. पोद्दार स्टील या 1991 च्या निकालातही, डिमांड ड्राफ्टऐवजी दुसऱ्या बँकेचा धनादेश दिलेली निविदा स्वीकारणे योग्य मानले गेले, कारण ती अट दुय्यम होती. पण तेथे कार्यालयाने स्वतःहून सूट दिली होती, आपल्याला ती मागावी लागणार आहे.

सांवेररोडवाला
आताच सीएंकडून आलो. अठरा अंकी क्रमांक प्रमाणपत्राच्या दिवशीच, म्हणजे निविदा भरण्याच्या नऊ दिवस आधी, तयार झालेला आहे; आमच्या प्रतीवर तो टंकायचा राहिला होता. मूल्यांकन पत्रकही सापडले. दुसऱ्या कंपनीच्या नावापुढे ‘सहीचे पान मागवले, प्राप्त’ असा शेरा आहे.

रामबागकर
मग आज निवेदन द्या. क्रमांकाची पडताळणी सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही करता येते. तिचा छापील उतारा आणि तो शेरा असलेले पान सोबत जोडा. मागणी एकच ठेवा: आमचा क्रमांक पडताळून पात्रतेचा फेरविचार होईपर्यंत आर्थिक लिफाफे उघडू नयेत. हेच कागद वकिलांनाही आज देऊन ठेवा, म्हणजे उद्या नकार आला तर याचिका तयार असेल. येथे वाटसरूंशी माझे दुमत नाही.

निवृत्त लेखापाल
ईमेल पाठवला तरी कागदी प्रत आवक शाखेत देऊन तारीख आणि वेळेसह पोच घ्यावी. मी अशा कार्यालयात आयुष्य काढले आहे. पाचनंतर शिक्का कपाटात जातो.

सांवेररोडवाला
चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मुलाला घेऊन निघतो आहे.