'बग रिपोर्ट'ला मराठीत काय म्हणावं? तक्रार, गाऱ्हाणं की कैफियत?

मलप्रभा : हिशेबाच्या एका मुक्त ॲपचं मराठीकरण चालू आहे. वापरणारे बहुतेक खानापूर, बेळगाव, निपाणी भागातले दुकानदार. पडद्याच्या तळाशी दोन बटणं आहेत. एकातून बग रिपोर्ट, म्हणजे ॲपमधल्या बिघाडाची खबर जाते, दुसऱ्यातून फीडबॅक, म्हणजे ॲपबद्दलचं मत. कन्नडवाल्यांनी 'दोष वरदि' आणि 'सलहे' लावून काम संपवलं. मराठीत 'तक्रार करा' आणि 'अभिप्राय द्या' सुचवलं होतं, ते परत आलं. तपासणाऱ्यांचं म्हणणं, तक्रार म्हटलं की लोक भांडायच्या तयारीनं येतात आणि अभिप्राय म्हटलं की 'छान आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहून जातात. ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरला दोन्हींचा उपयोग शून्य. दुसरे शब्द सुचवा. बटणावर १२ अक्षरंच मावतात, एवढं लक्षात असू द्या. 'अभिप्राय द्या' टाकलं तर 'अभिप्राय द्य' असं तुटून दिसतंय.

वेदगंगा : अभिप्राय देणारा नेहमी वरच्या पायरीवर. पुस्तकावर अभिप्राय, फाइलीवर अभिप्राय. प्रतिक्रिया तर आम्ल आणि अल्कलीची पण होते. बी.एड.च्या पुस्तकांत फीडबॅकला 'प्रत्याभरण' आहे, तो घ्या. वापरला की रुळतो.

हिरण्यकेशी : प्रत्याभरण वाचून दुकानदार गल्ला भरायला बसेल की ओ.

घटप्रभा : 'वरदि'ला आपल्याकडं 'वर्दी' तयारच आहे. पोलिसांत वर्दी दिली म्हणजे कळवलं. कन्नडात बातमीदार तो 'वरदिगार'. 'वर्दी द्या' दोन्ही बाजूंना कळेल.

दूधगंगा : पुण्यामुंबईत वर्दी म्हणजे पोलिसाचा गणवेश, नाहीतर शाळेच्या रिक्षाची वर्दी.

घटप्रभा : मग ॲप निपाणीसाठी आहे की पुण्यासाठी?

मार्कंडेय : तक्रार हा शब्द टाकून देऊ नका. मूळ अरबी अर्थच 'पुन्हा करणं' असा आहे. तुर्कीत 'तेक्रार' म्हणजे आजही 'पुन्हा'. उर्दूत तो वादावादीवर गेला, कन्नडात 'तकरारु' म्हणजे हरकत, आपल्याकडं गाऱ्हाणं. आणि डेव्हलपरचा पहिला प्रश्न काय असतो? पुन्हा करून दाखवता येतं का! म्हणजे मूळ अर्थानं तोही तक्रारच मागतोय.

'ॲप चालत नाही' या वाक्यावर त्याला काहीच करता येत नाही. 'नवीन बिल उघडलं, ग्राहकाचं नाव रिकामं ठेवलं, रक्कम ५०० टाकली, जतन दाबलं, ॲप बंद झालं; नाव मागेल अशी अपेक्षा होती' यावर तो त्याच दिवशी कामाला लागतो. सोबत ॲपची आवृत्ती आकड्यात, अँड्रॉइडची आवृत्ती आणि फोनचं मॉडेल. आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहू नये, कारण मजकूर वाचला जाईपर्यंत लेटेस्ट बदललेलं असतं. शिवाय किती वेळा करून किती वेळा झालं ते. ५ पैकी ५ वेळा झालं तर बहुधा कोडच्या तर्कातच घोळ असतो. ५ पैकी २ वेळा असेल तर नेटवर्क, मेमरी, किंवा दोन कामं एकाच क्षणी चालणं यांच्यामागं लागावं लागतं. हा फरक कळला नाही तर डेव्हलपर चुकीच्या जागी दोन दिवस खणत बसतो.

घटप्रभा : व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आज तक्रार म्हटलं की गुन्हेगार आधीच ठरलेला असतो. आणि अरबीतूनच घ्यायचा तर 'कैफियत' घ्या. अरबीत 'कैफ' म्हणजे 'कसं'. कैफियत म्हणजे कसं आहे, कसं घडलं त्याची हकिगत. कन्नड दप्तरांतही हा शब्द आहे. वर दिलेला ५०० रुपयांच्या बिलाचा नमुना ही कैफियतच झाली, त्यात कुणाला दोष दिलेला नाही.

मार्कंडेय : कोर्टात कैफियत प्रतिवादी देतो. इथं ती वापरणाऱ्यानं द्यायची म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात त्यालाच उभं केलं की!

वेदगंगा : अरबी-फारसी सोडून काही दिसतच नाही का? स्वच्छ मराठी 'गाऱ्हाणं' आहे. संस्कृत 'गर्हणा'वरून आलेलं असावं. 'गाऱ्हाणं मांडा'. कोकणात देवापुढं घालतात, तेव्हा त्यात नम्रताही आहे.

दूधगंगा : फारसी काढायचं तर मग बग 'दुरुस्त' करणं पण बंद करा.

हिरण्यकेशी : गाऱ्हाणं शब्द चांगला, पण बटणावर नको. कारण भाषेचं नाही, टंकाचं आहे. यातला आडवा ऱ् दोन रीतींनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ, युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरक्रमांकांच्या यादीत) यू+०९३१, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढं न दिसणारा जोडक, यू+२००डी. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. तिसरे काही जण साधा र लिहून मोकळे होतात, मग रफार होऊन 'गार्हाणं' उमटतं. शोधपेटीत एका रीतीनं लिहिलेलं दुसऱ्या रीतीनं बऱ्याचदा सापडत नाही.

'ॲप'चं पण तेच. यू+०९७२ हे स्वतंत्र अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं. त्याच्या आधीपासूनची सवय म्हणजे अ टाकून वर चंद्र. दोन्ही अजून चालू आहेत. तेव्हा आधी कुणी हाच बग कळवलाय का हे बघताना दोन्ही रूपांनी शोधा, नाहीतर त्याच दोषाच्या चार नोंदी होतात आणि त्या जोडत बसण्यात डेव्हलपरचा वेळ जातो. आधीची नोंद सापडली तर तिच्याखाली 'मला पण' लिहू नये. आपली आवृत्ती वेगळी असेल तर तेवढीच भर घालावी. आणि मराठी अक्षर चुकीचं दिसत असेल तर स्क्रीनशॉट द्याच, पण तोच मजकूर नक्कल करूनही चिकटवा. चित्रातून आतला क्रमांक कळत नाही. स्क्रीनशॉटमधली गिऱ्हाइकाची नावं आणि फोन नंबर मात्र आधी झाका, हिशेबाचं ॲप आहे.

दूधगंगा : बटणाचं राहू दे, आत लोक काय लिहितात ते बघा. आपल्याकडचा माणूस लिहिणार, 'बिल करताना बंद पडूलंय'. आपल्याला वाचता येतं. पण 'पडूलंय' म्हणजे आत्ता पडतंय, का सारखं पडतंय? दोन्ही. बाहेरचा डेव्हलपर काय समजणार?

वेदगंगा : म्हणून प्रमाण मराठीत लिहावं.

दूधगंगा : 'बंद पडत आहे' लिहिलं तरी गोंधळ तोच. बोलीचा दोष नाही तो. आकडा लिहिला की बोली कुठलीही चालते. 'सकाळपासून ४ बिलं केलो, ३ टायमाला बंद पडलं.' यात काय कळलं नाही सांगा.

घटप्रभा : पत्त्याच्या यादीत 'बेळगाव' टाइप केलं तर काहीच येत नाही, ते पण कळवायला पाहिजे. फक्त बेळगावी आहे. ही चूक नव्हे, हा अन्याय आहे.

मार्कंडेय : अन्याय असेल, पण डेव्हलपरला तसा लिहून काय होणार? सरकारी नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी आहे, यादी त्यानं तिथून उचलली असणार. 'नाव बदला' म्हणालात तर नियम दाखवून नोंद बंद करेल. लिहायचं असं : शोधात 'बेळगाव' लिहिल्यावर ० निकाल, 'बेळगावी' लिहिल्यावर १, जुनं नाव लिहिणाऱ्याला स्वतःचा जिल्हा निवडता येत नाही, म्हणून पत्ता पुरा होत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशात एका जागेला मुख्य नाव, पर्यायी नाव, जुनं नाव, मराठी नाव, कन्नड नाव असे वेगळे रकाने असतात. तशी सोय इथं करता येईल का, एवढं शेवटी विचारा.

घटप्रभा : म्हणजे मागणी सोडून द्यायची.

मार्कंडेय : मागणी तीच, पत्ता वेगळा. नावाचं भांडण सरकारशी, शोधपेटीचं डेव्हलपरशी.

वेदगंगा : याला 'विधायक टीका' म्हणतात. दुसऱ्या बटणासाठी 'विधायक सूचना' घ्या.

हिरण्यकेशी : हिंदीवाला वाचेल, आमदारांच्या सूचना.

घटप्रभा : मग 'रचनात्मक'. कन्नडात पण आहे.

वेदगंगा : रचनात्मक ही हिंदीची उसनवारी. विधायक मराठीत मुरलेला आहे.

मलप्रभा : 'रचनात्मक सूचना' तर १२ अक्षरांत बसत नाही.

हिरण्यकेशी : थांबा, 'रचनात्मक सूचना' ही डोळ्यांनी मोजली तर ८ अक्षरं आहेत. आणि 'अभिप्राय द्या'? अ, भि, प्रा, य, द्या. पाच. मग तुटलं कसं? संगणक आतले तुकडे मोजतोय : अ, भ, वेलांटी, प, हलन्त, र, काना, य, मोकळी जागा, द, हलन्त, य, काना. १३ झाले. बाराव्यावर कापलं, शेवटचा काना गेला, 'द्य' उरला. 'तक्रार करा' १० तुकड्यांत बसतं, 'कैफियत द्या' ११, 'गाऱ्हाणं मांडा' १४. तेव्हा तुमचा प्रश्न शब्दाचा नाहीच, तो बग आहे.

मलप्रभा : मर्यादा १२ ची २० करा, असं कळवू का?

हिरण्यकेशी : तो उपाय झाला, उपाय त्याला ठरवू दे. २० केली तरी उद्या एखादा जोडाक्षरी शब्द एकविसाव्यावर तुटणारच. तुम्ही मजकूर द्या, १३ तुकड्यांची मोजणी द्या, काना गळालेला स्क्रीनशॉट द्या. कन्नड बटणं पण तपासून घ्या, तिथंही ओत्तक्षरात (कन्नड जोडाक्षरात) हलन्त असतोच. तेवढं एकाच नोंदीत चालेल, कारण मूळ एक आहे. बेळगावचं मात्र वेगळ्या नोंदीत टाका.

मलप्रभा : ठीक. तोवर बटणावर 'चूक कळवा' टाकलंय. ८ तुकडे.

वेदगंगा : चूक कुणाची?